कपाळावरच्या आठ्या आणि सुईतले औषध

लग्नसराई तोंडावर आली की परभणीतल्या ब्युटी पार्लरच्या पाट्या बदलतात. फेशियल, ब्लीच, थ्रेडिंग हे शब्द आता जुने झाले. त्यांच्या शेजारी 'बोटॉक्स', 'फिलर', 'ग्लो ड्रिप', 'अँटी एजिंग' असे शब्द दिसू लागले आहेत. मोबाईल उघडला की एका सुईत दहा वर्षांनी तरुण करून देण्याच्या जाहिराती समोर येतात. या पानासाठी येणाऱ्या प्रश्नांतही हा विषय डोकावू लागला. एका भगिनीने विचारले, मुलाच्या लग्नातले फोटो चांगले यावेत म्हणून कपाळावर इंजेक्शन घ्यावे का? दुसरीचा प्रश्न वेगळा होता. तिची मुलगी पार्लर चालवते. दोन दिवसांत ही इंजेक्शने द्यायला शिकवतो, वर प्रमाणपत्रही देतो, असे सांगणारे कुणी तिला भेटले आहेत. पैसे भरावेत का?

दुसऱ्या प्रश्नाने आम्हाला जास्त काळजी वाटली. पण त्याच्या उत्तरासाठी आधी या सुईत असते काय, हे समजून घ्यावे लागेल.

आपण बोलताना सहज म्हणतो, 'काय कपाळाला आठ्या घालून बसलीस?' ही आठी कातडीची नसते, ती स्नायूची असते. दोन भुवयांच्या मध्ये आणि कपाळावर कातडीखाली पातळ स्नायू असतात. राग आला, ऊन डोळ्यांवर आले, बारीक अक्षर वाचायचे झाले की हे स्नायू आखडतात आणि वरची कातडी दुमडते. हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या रेषांचेही तेच. तरुणपणी स्नायू सैल सोडला की घडी मोडते. पण लुगडे वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवले तर घडीची खूण कापडात कायमची उमटते, तसे चाळिशीनंतर चेहऱ्याचे होते. चेहरा शांत असतानाही रेषा दिसत राहतात.

बोटॉक्स हे औषध या स्नायूंवर काम करते, कातडीवर नाही. शेतात पाण्याची मोटार असते. मोटार चांगली आहे, वायर चांगली आहे, पण मधला फ्यूज काढून ठेवला तर मोटार फिरत नाही. बोटॉक्स हा फ्यूज काढते. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन बाहेर पडते, तेव्हा स्नायूला आखडण्याचा निरोप मिळतो. हे रसायन बाहेर पडायला ज्या प्रथिनाची मदत लागते, ते प्रथिनच हे औषध कापून टाकते. निरोप थांबतो, स्नायू ढिला राहतो, वरची कातडी सपाट दिसते. तीन-चार दिवसांत परिणाम दिसू लागतो आणि दोन आठवड्यांत पूर्ण होतो. मग मज्जातंतू हळूहळू आपले काम पुन्हा सुरू करतो आणि तीन ते चार महिन्यांत आठ्या परत येतात. परवा लग्न आहे म्हणून आज सुई घेतली, तर लग्नाच्या दिवशी फार फरक दिसणार नाही. दिसलाच तर टोचल्याचा निळा डाग दिसेल.

हे औषध आले कुठून, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधील एलेझेल या गावी एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेले कच्चे डुकराचे मांस खाल्ले. त्यांच्या पापण्या गळाल्या, एकाला दोन दिसू लागले, गिळता येईना. तिघे दगावले. एमिल व्हॅन एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्या मांसातून आणि मृतांच्या शरीरातून एक जंतू शोधून काढला. हवा नसलेल्या जागी वाढणारा हा जंतू जे विष तयार करतो, ते माणसाला माहीत असलेल्या विषांपैकी सर्वांत जहाल आहे. त्याच्याही सत्तर-पंचाहत्तर वर्षे आधी जर्मनीत युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने बिघडलेल्या सॉसेजमुळे होणाऱ्या याच विषबाधेचे वर्णन करून ठेवले होते. लॅटिनमध्ये सॉसेजला बोटुलस म्हणतात, त्यावरून रोगाचे नाव बोटुलिझम आणि विषाचे नाव बोटुलिनम पडले. 'बोटॉक्स' हे त्यापासून बनवलेल्या औषधाचे एका कंपनीचे व्यापारी नाव. आपण वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणतो, तसे ते सगळ्यांसाठी वापरले जाते.

विषाचे औषध केले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञाने. तिरळेपणात डोळ्याचा एक स्नायू जास्त ओढतो, त्याला विषाचा अत्यंत बारीक अंश देऊन ढिले करता येईल का, असा त्यांचा विचार होता. १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या आजारासाठी या औषधाला परवानगी मिळाली. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या जीन कॅरुदर्स याही नेत्रतज्ज्ञ. पापण्यांच्या आजारासाठी त्या हे इंजेक्शन देत असताना एका रुग्ण बाईने तक्रार केली, या वेळी तुम्ही भुवयांच्या मध्ये टोचले नाही, तिथे टोचल्यावर माझा चेहरा निवांत दिसतो. जीन यांचे पती अ‍ॅलास्टर त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून त्यावर अभ्यास केला, १९९२ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि २००२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत अधिकृत परवानगी मिळाली. पुढचा सगळा बाजार त्यानंतरचा.

आठ्यांसाठी लागणारे विष अब्जांश ग्रॅमच्या हिशेबात मोजतात. म्हणून योग्य हातात हे औषध बऱ्यापैकी सुरक्षित आहे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. विष म्हटले की घाबरून जावे असे काही नाही. पण ज्या वस्तूची मात्रा अब्जांशात मोजावी लागते, ती फेशियलच्या वाटीशेजारी ठेवण्याची वस्तू नव्हे.

आता थोडा गोंधळ दूर करू. पार्लरमध्ये 'हेअर बोटॉक्स' नावाचा प्रकार असतो. तो केस मऊ करण्याचा लेप आहे, त्यात बोटुलिनम नसते. 'बोटॉक्स क्रीम' म्हणून विकली जाणारी क्रीमही नावापुरतीच. आणि खरे बोटॉक्स सगळ्या सुरकुत्यांवर चालत नाही. गालावरचे वांग, उन्हाने पडलेले काळे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, हनुवटीखाली लोंबणारी कातडी यांवर त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे वय वाढल्याच्या ज्या खुणांची बायका तक्रार करतात, त्यांत वांग आणि डागच जास्त असतात. आठ्यांचे औषध वांगासाठी घेणे म्हणजे दात दुखतो म्हणून कानात तेल घालणे.

पैशाचा हिशेबही करून पाहावा. कपाळाच्या एका भागाला साधारण पाच ते दहा हजार रुपये लागतात, मोठ्या शहरात त्याहून जास्त. आपण आठ हजार धरू. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एका वेळच्या सुईला पंचवीस-सव्वीस दिवसांची मजुरी, आणि परिणाम टिकवायचा तर वर्षातून तीनदा तेच. ज्यांना परवडते त्यांनी घ्यावे. पण बचत गटातून कर्ज काढून घेण्याइतकी ही गरज नाही.

हौस करू नका, असे आम्ही म्हणत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना नीटनेटके राहण्याबद्दल, लुगडे नेसण्याच्या पद्धतीबद्दल आणि जातीची खूण ठरलेले दागिने टाकून देण्याबद्दल सांगितले होते. चांगले दिसण्याची इच्छा हा आपल्याकडे चेष्टेचा विषय असू नये. पन्नाशीच्या बाईने चेहऱ्याची काळजी घेतली की 'या वयात काय हे' म्हणणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. आमचे म्हणणे एवढेच की औषध म्हणून घ्यायची गोष्ट औषधासारखी घ्यावी.

आणि एक खंत इथेच नोंदवतो. हेच बोटुलिनम लकव्यानंतर आखडलेल्या हाताची मूठ सैल करायला वापरतात. सेरेब्रल पाल्सी असलेली मुले टाचा उचलून चवड्यांवर चालतात, त्यांच्या पोटऱ्यांचे स्नायू ढिले करून व्यायामाला मदत व्हावी म्हणून वापरतात. मान एका बाजूला वळून राहणे, पापण्या घट्ट मिटणे, तळहातांना अतोनात घाम येणे, जुनाट अर्धशिशी, अशा कितीतरी त्रासांत त्याचा उपयोग आहे. आपल्या वस्तीत लकवा होऊन हात छातीशी आखडलेले वडील माणूस अनेक घरांत असते. बोटॉक्स हा शब्द त्या घरातल्या तरुण मुलीला माहीत असतो, पण तो आजोबांच्या हाताशीही जोडलेला आहे हे कुणी सांगितलेले नसते. हा उपाय प्रत्येकाला लागू पडत नाही आणि सोबत फिजिओथेरपी हवीच. तरी अशा रुग्णाला घेऊन जिल्हा रुग्णालयात, परभणीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नांदेडला आणि छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात एकदा जरूर विचारावे. लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे चौकशी करावी. ती पथके अंगणवाडीत आणि शाळेत येतात.

फिलर ही बोटॉक्सपेक्षा वेगळी वस्तू. नाकाच्या बाजूने ओठांपर्यंत येणारी खोल रेष, खोल गेलेले गाल, पातळ ओठ भरून काढण्यासाठी कातडीखाली जेल भरतात. बहुतेक वेळा ते हायलुरोनिक अ‍ॅसिडचे असते. हे द्रव्य आपल्या कातडीत मुळातही असते आणि भरलेले जेल सहा महिने ते दीड वर्षात विरघळते. ऐकायला हे बोटॉक्सहून सौम्य वाटते, पण खरा धोका इथे जास्त आहे. चेहऱ्यावर रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि नाक व भुवयांजवळच्या काही वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात. जेल चुकून वाहिनीत गेले तर पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो. कातडीचा तुकडा मरू शकतो, क्वचित डोळ्याची दृष्टी कायमची जाते. जेल विरघळवणारे हायलुरोनिडेज नावाचे औषध आहे. ते त्याच खोलीत तयार असले पाहिजे आणि कधी, किती द्यायचे हे जाणणारा डॉक्टर समोर असला पाहिजे. सुई न टोचता दाबाने जेल आत ढकलणारे 'पेन' पार्लरवाल्यांना विकले जातात. त्यांच्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला. सुई नाही म्हणजे धोका नाही, असे नसते.

तिसरी वस्तू 'ग्लो ड्रिप'. ग्लुटाथायोन आणि क जीवनसत्त्वाची सलाइन तरुण आणि गोरे करते, म्हणून ती दिली जाते. गोरे करण्यासाठी शिरेतून ग्लुटाथायोन देण्याला मान्यता नाही. फिलिपिन्समध्ये हा प्रकार फार बोकाळला, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने मूत्रपिंड, थायरॉइड आणि त्वचेच्या गंभीर विकारांचा इशारा देऊन लोकांना सावध केले.

गोरेपणाच्या या वेडाची एक गोष्ट तर आपल्या शेजारची आहे. अकोल्यात एका विद्यार्थिनीने पार्लरमधून घेतलेले चेहऱ्याचे क्रीम तिची आई आणि बहीणही वापरत होत्या. तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. जानेवारी २०२३ मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत आली. चेहऱ्याला लावलेली वस्तू रक्तात जाऊन थेट मूत्रपिंडापर्यंत पोहोचते, हे त्या घराला किती महागात पडून कळले. शिरेतून घेतलेली वस्तू किती लवकर पोहोचेल याचा विचार आपणच करावा.

आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. सावळ्या कातडीतले मेलॅनिन ही उन्हाविरुद्धची छत्री आहे. त्यामुळे गोऱ्या माणसांच्या मानाने सावळ्या माणसांच्या चेहऱ्यावर उन्हाच्या सुरकुत्या बऱ्याच उशिरा पडतात. जो रंग घालवण्यासाठी आपण पैसे मोजतो, तोच आपल्याला तरुण ठेवत असतो. स्टिरॉइड मिसळलेली गोरेपणाची क्रीम तर कातडी पातळ करतात, लाल रेघा आणतात, चेहऱ्यावर केस आणि पुरळ आणतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरी ती मिळतात हे सर्वांना माहीत आहे.

आता बनावट मालाविषयी. २००४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात परवाना निलंबित झालेल्या एका डॉक्टरने प्रयोगशाळेसाठी असलेले कच्चे बोटुलिनम स्वस्तात मागवले आणि स्वतःसह चौघांना टोचले. चौघांचेही श्वासाचे स्नायू लुळे पडले, सर्वांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. त्याला पदवी होती, हे लक्षात घ्यावे. २०२४ च्या एप्रिलपर्यंत अमेरिकेतल्या ११ राज्यांतील २२ बायकांना बनावट किंवा अयोग्य रीतीने दिलेल्या बोटॉक्समुळे त्रास झाल्याची सरकारी नोंद झाली. २०२५ च्या जून-जुलैमध्ये इंग्लंडमध्ये अशा सुईनंतर बोटुलिझमची ३८ प्रकरणे नोंदली गेली. सुईतून दुसरे रोगही जातात. न्यू मेक्सिकोत एका विनापरवाना स्पामध्ये चेहऱ्यावर रक्ताचे फेशियल घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तिथल्या आरोग्य यंत्रणेने सिद्ध केले. जिथे औषध प्रशासन इतके जागे आहे, तिथली ही स्थिती.

परभणीत आणखी एक अडचण आहे, ती हवामानाची. बोटुलिनमच्या बहुतेक कुप्या दोन ते आठ अंशांत ठेवाव्या लागतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळिशीच्या पुढे जातो आणि दुपारी लाईट जाते. मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सलने आलेली कुपी वाटेत किती तापली हे कोण सांगणार? शिवाय कुपीत सलाइन घालून एकदा औषध तयार केले की ते फार टिकत नाही. एका कुपीत बहुधा शंभर युनिट असतात आणि भुवयांमधल्या आठ्यांना वीसच्या आसपास लागतात. मग उरलेले वाया जाऊ नये म्हणून चार-पाच बायकांना एकाच दिवशी बोलावले जाते, किंवा औषधात पाणी वाढवले जाते, किंवा उरलेले पुढच्या आठवड्यासाठी फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवले जाते. 'ऑफर' स्वस्त का, याचे उत्तर बहुधा या तिघांपैकी एकात असते.

आता पार्लरवाल्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या अनेक मुली पार्लरच्या जोरावर घर चालवतात, भावंडांच्या फिया भरतात. त्या धंद्याचा आम्हाला आदर आहे आणि म्हणूनच हे कडक शब्दांत सांगतो: पैसे भरू नयेत. बोटुलिनम हे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध आहे. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ प्रमाणे नोंदणी नसताना वैद्यकीय उपचार करणे हा गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्यालाही तुरुंगवास आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्योपचारांबाबत सूचना काढल्या. त्यात चित्रफिती पाहणे किंवा कार्यशाळेत नुसते बघणे हे पुरेसे प्रशिक्षण नाही, असे म्हटले आहे. हे डॉक्टरांना उद्देशून आहे! एमबीबीएस झालेल्याला जे पुरेसे नाही, ते बारावीनंतर पार्लरचा कोर्स केलेल्या मुलीला दोन दिवसांत कसे पुरेल? शिकवणारा माणूस पैसे घेऊन पुढच्या शहरात जातो. पापणी पडलेली बाई मात्र जिने टोचले तिच्या दारात येते, आणि पोलीस ठाण्यातही तिचेच नाव जाते. भिंतीवरचे प्रमाणपत्र तिथे उपयोगी पडत नाही, उलट पुरावा ठरते.

'आमच्याकडे डॉक्टर येतात, तुम्ही फक्त जागा द्या' असाही प्रस्ताव येतो. डॉक्टरचे नाव आणि नोंदणी क्रमांक मागावा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तो तपासता येतो. नाव सांगायला टाळाटाळ झाली तर विषय तिथेच संपला. आणि नाव खरे निघाले तरी तातडीचे औषध, प्राणवायू, वापरलेल्या सुयांची विल्हेवाट यांची सोय पार्लरच्या खोलीत नसते.

ज्यांना सर्व समजूनही हे उपचार घ्यायचे आहेत, त्यांनी त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडेच जावे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल, टोचायच्या जागी पुरळ किंवा पू असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा जेंटामायसिनसारखी इंजेक्शने चालू असतील तर आधी सांगावे. कुपी आपल्यासमोर उघडायला सांगण्यात संकोच नसावा. सोनाराकडे तोळ्याचा काटा आपण डोळे लावून बघतो, इथे तर आपल्या चेहऱ्याचा प्रश्न आहे. खोक्यावरचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख यांचा फोटो काढावा, पक्के बिल घ्यावे. किती युनिट दिले हे कागदावर लिहून घ्यावे. घरी आल्यावर काही तास आडवे होऊ नये, टोचलेली जागा चोळू नये, त्या दिवशी मसाज-फेशियल नको.

आणि ज्यांना सुई नकोच आहे, त्यांच्यासाठी एक जुना उपाय. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला. अठ्ठावीस वर्षे माल वाहताना त्याच्या डाव्या गालावर खिडकीतून ऊन येत होते. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू साठीची वाटते आणि डावी बाजू ऐंशीची. एकच माणूस, एकच वय, फरक फक्त उन्हाचा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा एसटीच्या आणि ट्रकच्या चालक बांधवांनी आपला उजवा गाल आरशात बघावा. काचेतूनही ऊन आपले काम करते.

कापूस वेचायला जाणाऱ्या आपल्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला-तोंडाला रुमाल बांधतात. शहरात शिकलेल्या लेकी कधी कधी त्याला हसतात. सुरकुत्यांवरचा त्याच्याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय आम्हाला माहीत नाही. घट्ट विणीचे सुती कापड, रुंद काठाची टोपी, अकरा ते चार सावली, आणि परवडत असेल तर तीस एसपीएफचे सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी. बिडी-सिगारेट सोडली तर तोंडाभोवतीच्या रेषाही कमी पडतात. तंबाखू आणि मिश्रीचे दुष्परिणाम तर रेषांच्या पलीकडचे आहेत, त्यावर या पानावर स्वतंत्र लिहावे लागेल.

शेवटी, ज्यांनी आधीच कुठे सुई घेतली आहे त्यांच्यासाठी. टोचलेल्या जागी थोडी सूज, निळा डाग, एक-दोन दिवस डोकेदुखी ही घाबरण्याची गोष्ट नाही. बोटॉक्सनंतर एखादी पापणी खाली आली तर ती बहुतेक वेळा काही आठवड्यांत सुधारते, पण डॉक्टरला दाखवावी. मात्र एकाचे दोन दिसणे, गिळताना ठसका लागणे, आवाज घोगरा होणे, मान धरवेनाशी होणे, श्वास अपुरा पडणे यांपैकी काही काही तासांत किंवा आठवड्यांनीही झाले तर १०८ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात जावे आणि कोणती सुई, कोणत्या तारखेला घेतली हे तिथे लाजेखातर लपवू नये. यावर प्रतिविष असते. ते पसरत जाणारा लुळेपणा थांबवते, झालेला लुळेपणा मागे घेत नाही, म्हणून वेळ महत्त्वाचा. फिलरनंतर कातडी पांढरी पडली, जाळीदार निळसर नक्षी उमटली, जोराची कळ सुरू झाली किंवा दिसणे अंधुक झाले तर सकाळची वाट पाहू नये. जिथे टोचले तिथून 'बर्फ लावा, उद्या या' असे सांगितले तरी त्याच रात्री निघावे, आणि निघताना खोके, बिल, फोटो, जे असेल ते सोबत घ्यावे.